हीटरची पांढरी शाल

चूक सगळी गिझरच्या पोटातल्या म्हाताऱ्या हीटरची होती. शहरातल्या घरोघरी बोअरचं जड पाणी यायला लागलं, त्या काळची ही गोष्ट. पाणी तापलं की क्षाराचा पांढरा थर त्याच्या अंगावर चढे आणि म्हातारा सुखावे. त्याला वाटे, इतकी वर्षं घराला ऊन पाणी दिलं, म्हणून पाणी शाल पांघरवून आपला सत्कार करतंय.

खालचा नवा शॉवर ओरडला, "आजोबा, शाल कसली, क्षार आहे तो! माझी निम्मी भोकं बुजली. उद्या दुरुस्तीवाला येतोय, खरवडून घ्या, नाहीतर जळाल."

"कालचं पोर तू! आम्ही काय पाणी पाहिलं नाही?"

"पाहिलंत ना, म्हणून तर अंगावर बसलंय!"

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने गिझरचे गंजलेले स्क्रू असे आवळून धरले, की दुरुस्तीवाला हात टेकून निघून गेला. थर वाढतच राहिला. म्हाताऱ्याची धग त्यातून बाहेर पडेना. भोवतीचं पाणी गारच, आत तो मात्र लालबुंद. तरी सत्काराचा मान सोडवेना.

एका सकाळी तो मधोमध फुटला. दुपारपर्यंत त्याच्या जागी नवा हीटर बसला आणि म्हातारा भंगारात गेला.