टपालाने आलेला आशीर्वाद

कार्मेलीन डाबरेने सत्तेचाळिसाव्या वर्षी रुग्णालयातली बिलांच्या खिडकीवरची नोकरी सोडली आणि घरबसल्या, टपालाने धडे मागवून ईशज्ञानाचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला. आता वसईतल्या तिच्याच चर्चच्या शाळेत धर्मशिक्षिकेची जागा निघाली होती. जुनी नोकरी परत मिळणार नव्हती आणि इथे निवड समितीचे प्रमुख फादर व्हॅलेरियन तिचं प्रमाणपत्र दोन बोटांत धरून हसत होते.

"ईशज्ञान म्हणजे काय मसाला आहे, पार्सलने मागवायला? आम्ही फादर व्हायला सेमिनरीत वर्षानुवर्षं गुरूंच्या पायाशी बसलो. टपालाने नुसता कागद येतो बाई, देवाचं काही येत नाही!"

समिती खिदळली. कार्मेलीनचे कान तापले.

फादरांच्या खुर्चीमागे सोनेरी चौकट होती. त्यांच्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवाला मिळालेला पोप महोदयांचा लेखी आशीर्वाद तो. येईल त्याला फादर आधी त्याच्यापुढे उभं करत.

"फादर, हा आणायला तुम्ही रोमला गेला होता?"

"छे गं! रजिस्टर पोस्टाने आला."

कार्मेलीन ताडकन उठली. तिने चौकट भिंतीवरून उतरवली आणि आपल्या प्रमाणपत्राशेजारी ठेवली.

"अगं, काय करतेस? पोपचा आशीर्वाद आहे तो!"

"तुम्हीच म्हणालात ना, टपालाने नुसता कागद येतो? मग दोन्ही एकदमच रद्दीत घाला. नाहीतर दोन्हींचा मान ठेवा."

फादरांनी आधी चौकट जवळ ओढली. मग तिच्याकडे न बघता प्रमाणपत्रही ओढलं आणि त्यावर 'मान्य' लिहून सही केली.

सोमवारी कार्मेलीन वर्गात उभी राहिली, तेव्हाही तिचा राग उतरला नव्हता.