जुन्या नावांची संध्याकाळ

फिलिपिन्समधल्या एका मोठ्या तळ्याच्या काठी सांता उर्सुला नावाचे गाव आहे. तिथे चर्चच्या मागून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. त्या आंघोळीच्या नाहीत, होडी बांधायच्याही नाहीत. वर्षभर कुणी त्यांवर पाय ठेवत नाही. फक्त नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, त्या वर्षी वाचायला शिकलेली गावातली मुले तिन्हीसांजेला तिथे उभी राहतात आणि पाण्याकडे तोंड करून आडनावे वाचतात. त्यांतले एकही आडनाव आज गावात कुणी लावत नाही.

पाहुण्यांनी कारण विचारले, की दफनभूमी राखणारे देलफिन आजोबा त्यांना आधी चौकातल्या पुतळ्यापाशी नेतात. पुतळा एलोय बेनाविदेसचा. स्पॅनिश सरकारने गोळ्या घालून मारलेल्या गावच्या वीराचा. "याचं मरण शाळेत शिकवतात," आजोबा म्हणतात. "लहानपण आम्हालाच सांगावं लागतं." मग ते पुतळ्याकडे पाठ करून बसतात आणि गोष्ट सांगतात ती त्याच्या आईची.

तिचे नाव माक्सिमा. तळ्यापलीकडच्या गावात पटकीची साथ आली, तेव्हा एका होडीत एकटी सापडलेली ही पोर. चर्चचे कपडे धुणाऱ्या बाईने तिला वाढवले आणि तिथेच ती चोरून अक्षरे शिकली. तिला दिले ते तियोंगच्या घरात. तियोंग म्हणजे तिच्या नवऱ्याचा आजोबा. चीनहून गलबतातून आलेला, उजवा पाय आत वळलेला. त्याने गावात पहिली भट्टी लावली, रांजण घडवले, इथलीच बायको केली आणि म्हातारपणी होडी उलटून तळ्यात गेला. प्रेत मिळाले नाही. पण तीन पिढ्या त्या घराला तियोंगचेच घर म्हणत. जिला स्वतःचे काही नव्हते, त्या माक्सिमाला ते नाव फार प्रिय होते.

मग सरकारी हुकूम आला. जुनी नावे बंद. मनिलाहून आलेल्या यादीतले आडनाव प्रत्येकाने घ्यायचे. सांता उर्सुलाच्या वाट्याला एकाच अक्षराचे पान आले, म्हणून अख्खे गाव 'ब'चे झाले. माक्सिमाचा नवरा हिलारियो रांगेत पुढे आला तेव्हा कारकुनाचे बोट 'बेनाविदेस'वर होते, तेच त्याने लिहिले. जुने नाव तोंडातून निघाले तर चौकात फटके.

त्या वर्षी मृतांच्या दिवशी घरोघरी खिडकीत पूर्वजांसाठी भाताच्या वड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या तशाच होत्या. मुंगीसुद्धा लागली नव्हती म्हणे.

आणि मग पावले येऊ लागली. तिन्हीसांजेची घंटा झाली, की तळ्याकडून अंगणात ओली पावले उमटत. माणूस दिसत नसे. पावले दारापर्यंत येत, उंबऱ्यापाशी थांबत आणि परत फिरत. या घरून त्या घरी, त्या घरून पुढच्या. घंटा झाली की लोक दारे लावून घेत. माक्सिमाच्या अंगणात उमटणारे उजवे पाऊल आत वळलेले असे. ती ते राखेने झाकून टाकी, मुलाला दिसू नये म्हणून.

एलोय तेव्हा सहा वर्षांचा. तांदळाच्या पिठात बोट फिरवून आईनेच त्याला अक्षरे शिकवली होती. सात पुरी झाली तशी तिने त्याला शाळेत घातले. शाळा चर्चच्या वाड्याच्या तळघरात भरे. मास्तर मोठा कडक होता. आपल्या भाषेत बोलले की तळहातावर छडी, नवे नाव सांगताना अडखळले की दोन छड्या. एलोय महिन्याभरात झोपेतही "बेनाविदेस" म्हणू लागला. माक्सिमाला वाटे, बरे झाले, मुलगा तरी सुखी राहील.

एके संध्याकाळी तो शाळेतून आला तो पांढराफटक पडून.

"इनाय," तो म्हणाला. तिकडे आईला इनाय म्हणतात. "पायऱ्यांवर एक आजोबा उभे होते. भिजलेले. मला विचारलं, तियोंगचं घर कुठलं?"

माक्सिमाने पळी खाली ठेवली. "मग तू काय सांगितलंस?"

"इथे तियोंग कुणी नाही म्हटलं. आम्ही बेनाविदेस." त्याने मागे दाराकडे पाहिले. "त्यांनी मान हलवली. वाकून नमस्कार केला मला, आणि लंगडत पाण्यात गेले. इनाय, ते वर आलेच नाहीत."

ते त्याचे शेवटचे बोलणे. सकाळी उठला तेव्हा मुलाचा आवाज गेला होता. ओठ हलत, पण शब्द फुटत नसे. वैदू झाला, नवस झाले. माक्सिमाला कारण ठाऊक होते, पण सांगणार कुणाला? नातवाच्या पोराने म्हाताऱ्याला पायऱ्यांवरूनच परतवले, आणि ते बोलणे त्याला तिनेच शाळेत पाठवून शिकवले होते.

मास्तरला वाटले, पोरगा हट्टाला पेटला आहे. त्याने एलोयला रोज कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवायला सुरुवात केली. त्या कोपऱ्यात चर्चच्या जुन्या नोंदवह्या रचलेल्या होत्या. बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या, मरणाच्या. कुणाला नको म्हणून वाळवीला सोडलेल्या. चार महिने तो मुलगा त्या वह्यांसमोर बसला होता, आणि त्याला वाचता येत होते.

मृतांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी त्याने आईचा हात धरून तिला चुलीपाशी नेले. कोळशाने ताडाच्या पानांवर काहीतरी लिहिलेले होते. माक्सिमाने वाचले. तियोंग. खाली शेजाऱ्यांचे जुने नाव, त्याखाली होडीवाल्यांचे, सुताराचे. सगळे गाव.

तिने पाने दोनदा चाळली. "माझं?" तिने विचारले. "माझ्या बापाचं घर नाही सापडलं?"

एलोयने मान खाली घातली. त्याने बोटांनी कुरतडल्याची खूण केली; वहीतले तळ्यापलीकडच्या गावाचे पान वाळवीने खाल्ले होते.

तिने ताडाची पाने जुळवून कमरेला खोचली. हिलारियो म्हणाला, "फटके मारतील तुला. पाठ फोडतील."

"मुलाची वाचा माझ्यामुळे गेली," ती म्हणाली. "पाठीचं काय घेऊन बसलात?"

दुसऱ्या दिवशी घंटेच्या वेळी सगळे गाव दफनभूमीत होते, शिपाईही होते. माक्सिमा तिथून निघाली, चर्चमागच्या पायऱ्या उतरली आणि घोटाभर पाण्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "तियोंग! या. तुमचं घर इथे आहे. मी तुमची नातसून."

लोक धावत काठावर आले. ती वाचत राहिली. सहा नावे झाली, सात झाली. शिपायांनी तिला धरले, एकाने तोंडावर हात दाबला. पाने पाण्यात पडली.

तेव्हा आठवे नाव ऐकू आले. आवाज घोगरा होता, महिनोन्‌महिने न वापरलेला. एलोय वरच्या पायरीवर उभा होता. पाने त्याला लागत नव्हती. कोपऱ्यात बसून सारी नावे पाठ झाली होती. त्याने एक नाव घेतले, की गर्दीतून कुणीतरी रडत उत्तर देई, "इथे आहोत." एवढ्या लोकांना पकडायचे कसे, ते शिपायांना कळेना. असे सांगतात, की शेवटच्या नावापर्यंत सगळ्या पायऱ्या खालून वर एकेक करून ओल्या होत गेल्या आणि पाण्याला लाट नव्हती.

माक्सिमाला चौकात पंचवीस फटके बसले. पुढे तिची पाठ कधी सरळ झाली नाही. गावाने मिळून एलोयला मनिलाला शिकायला पाठवले. तिथून पुढची त्याची हकिकत पुस्तकांत आहे. अंगणातली पावले त्या दिवसापासून थांबली.

एक जोडी सोडून.

ही पावले बाईची आहेत, अनवाणी, घाईची. माक्सिमा म्हातारी होऊन वारली, त्यानंतरही ती येत राहिली. तळ्यापलीकडून कुणी आई आपली होडीत सोडलेली पोर शोधत येते, असे गावात मानतात. तिला काय नावाने हाक मारायची, कुणालाच माहीत नाही. म्हणून आजही त्या संध्याकाळी मुलांचे वाचन संपले, की सांता उर्सुलात कुणी दार लावत नाही. दिवे लावून माणसे आत गप्प बसतात. पावले प्रत्येक उंबऱ्यापाशी येतात, थोडी थांबतात, आणि घरातली सर्वांत वयस्कर बाई हलक्या आवाजात सांगते, "आत या. ती इथेच नांदली."