धाकू गुरवाचं उलटं गाऱ्हाणं

फार वर्षांपूर्वी, आमच्या वायंगवळ गावाला दिवा म्हणजे खोबरेलाचा आणि गाडी म्हणजे बैलाची एवढंच ठाऊक होतं, तेव्हा धाकू गुरव होऊन गेला. रवळनाथाची पूजा त्याच्याकडे. गावात काही नवं निघालं की धाकूनं देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. त्याचा आवाज ऐकून पलीकडच्या डोंगरावरची गुरं चरायची थांबत, असं म्हणतात.

पण धाकूला एक खोड होती. देवाचं सांगून झालं की तो स्वतःचंही थोडं सांगायचा.

पहिल्यांदा आली भाताची गिरणी. धाकूनं नारळ वाढवला, गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी जोडून दिलं, "पण महाराजा, ह्या यंत्र काय चलाचा नाय. हेचो तांदूळ शिजाचो नाय." सगळे सवयीनं म्हणाले, "व्हय महाराजा." गिरणीवाल्याचा चेहराच पडला. पण गिरणी अशी चालली की बायकांनी मुसळं माळ्यावर टाकली ती टाकलीच.

मग मोटार आली. धाकू म्हणाला, "ही घाट चडाची नाय, पयल्याच वळणार तिका धाप लागात." मोटार घाट चढली, आणि ड्रायव्हर डुलक्या घेत असताना चढली, असं म्हणतात. मग रेडिओ आला. धाकू म्हणाला, "मुंबयचो आवाज हंयसर पोचाचो नाय, वाटेत खाडयेत बुडात." त्याचं तोंड मिटायच्या आत रेडिओ गायला लागला. पण धाकू कबूल करील तर शपथ. म्हणायचा, "आज चलता, उद्या बगा." त्याची बायको भागीरथी कपाळावर हात मारून म्हणायची, या गावात न चालणारं यंत्र एकच, ते माझ्या ओसरीवर बसून विडी ओढतंय.

हळूहळू गावाच्या लक्षात आलं. धाकूनं नावं ठेवल्याशिवाय कुणी नवी वस्तू सुरूच करेना. एकदा पांडगो शिंप्यानं शिवणयंत्र आणलं, तर धाकूला ते आवडलं. चांगलं चालेल म्हणाला. झालं! यंत्र जागच्या जागी अडकलं. पांडगो रडत धाकूच्या दारात येऊन बसला, एकदा तरी वाईट बोला म्हणाला. धाकूला ते फार लागलं. "म्हणजे माझा कदी खराच होना नाय, असा म्हणतास?" त्यानं देवाच्या पायरीवर हात ठेवला आणि शपथ घेतली, यापुढे नव्या वस्तूबद्दल अवाक्षर काढणार नाही.

त्याच साली भागीरथीला ताप भरला. काढे झाले, अंगारे झाले, ताप उतरेना. शेवटी तालुक्याहून डॉक्टर आला आणि त्यानं पेटीतून सुई काढली. दंडात टोचायची सुई वायंगवळात कुणी पाहिली नव्हती. घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, माणसांनी भरलं होतं. सगळे धाकूकडे बघत होते, पण 'वाईट बोला' म्हणायची छाती कुणाची?

धाकू तिचे पाय धरून बसला होता. तू बरी होशील, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यानं गिळलं. आपली जीभ काय करते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. कबूल तेवढं करायचं नव्हतं. तो उठला, शपथ मोडून खळ्यात आला आणि देवळाकडे तोंड करून त्यानं हात जोडले.

"बा देवा महाराजा, ह्या सुयेन काय्येक होवचा नाय."

"व्हय महाराजा!" कौलं थरथरली. डॉक्टरनं चमकून मागे पाहिलं. इतके एकमतानं निराश झालेले नातेवाईक त्यानं कुठे पाहिले नव्हते.

"माझी भागीरथी..." इथे तो खणखणीत आवाज जन्मात पहिल्यांदा फाटला. "माझी भागीरथी आता वाचाची नाय."

"व्हय महाराजा," लोक म्हणाले, आणि म्हणता म्हणता रडले.

सुई दंडातून निघायच्या आधीच ताप उतरला, असं म्हणतात. भागीरथीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "कोण ता, वाचाची नाय म्हणता? तेंका आदी भायर काडा."

धाकू उंबऱ्यात मटकन बसला. हसत होता की रडत होता, कुणाला कळेना. "चुकलंय गो," तो म्हणाला. "चुकलंय. सगळाच चुकलंय." गावानं त्याच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता.

आता गावात दवाखाना आहे. कुणाला इंजेक्शन द्यायचं झालं की ज्याचा जीव त्या माणसात सगळ्यांत जास्त अडकलेला असेल, त्यानं पुढे होऊन म्हणायचं, "ह्या सुयेन काय होवचा नाय." बदलून आलेले नवे डॉक्टर दचकतात. ज्याचं कुणी नाही, त्याच्यासाठी नर्सबाई म्हणतात, आणि रांगेतले सगळे 'व्हय महाराजा' करतात. माणूस बरा झाला की ज्यानं म्हटलं त्यानं देवळापुढे धाकूच्या नावानं बसवलेल्या दगडापाशी जायचं, नारळ फोडायचा आणि मोठ्यानं 'चुकलंय' म्हणायचं. त्या दगडाभोवती करवंट्यांचा हा एवढा ढीग आहे.