सगुणेने ओलांडलेली रेघ

देवीच्या कृपेने भरलेलं एक नगर होतं. तिथल्या राजगुरूंनी राजाला सांगितलं, "महाराज, देवळापुढच्या अंगणात पोरं आट्यापाट्या खेळतात. त्याने नुसते पाय वाढतात, बुद्धी मरते. बंद करा."

राजाने मान डोलावली. अंगणाला काट्यांचं कुंपण पडणार, तोच छोटी सगुणा पुढे आली. "महाराज, गुरुजींनी या रेघेवर उभं राहून मला अडवावं. अडवलं, तर आम्ही खेळ सोडू."

"ये गं चिमुरडे!" राजगुरूंनी उपरणं कमरेला बांधलं.

सगुणेने तुळशीवृंदावनाकडे नजर टाकली, खांदा जरासा झुकवला. राजगुरू हात पसरून तिकडे धावले. ही मात्र दुसऱ्या बाजूने, हळदीकुंकवाचं तबक न्यावं तशी सावकाश रेघ ओलांडून गेली.

"पायांची चपळाई, दुसरं काय!" राजगुरू धापा टाकत म्हणाले.

"गुरुजी, धावलात तुम्ही. मी चालतच आले. समोरचा कुठे जाईल, हे आधी ओळखायला हेच अंगण शिकवतं."

राजा खदखदून हसला. अंगण मुलांना कायमचं मिळालं.

आई जगदंबे, घरोघरच्या लेकरांना असं अंगण लाभू दे.