सगुणाचे लाडू आणि तीन ठग

एक होती सगुणा. आधी पांघरूण ओढा, मग पुढचं सांगते. हं. तर तिची धाकटी बहीण द्वारकी. तिला दिली होती पार समुद्रापलीकडे, हिरव्या घुमटांच्या शहरात. एकदा काय झालं, तिकडून निरोप आला. द्वारकीला मुलगी झाली, पण तिथलं अन्न काही घशाखाली उतरेना. अंगावर दूध नाही, बाळ रडून रडून दमलेलं.

मग काय! सगुणानं अळिवाचे लाडू वळले, डबा फडक्यात बांधला आणि बसली गलबतात.

काय ते शहर, बरं का! छपराछपरांवर मोर, रस्त्यात घंटा वाजवत जाणारे उंट! सगुणा बघतच राहिली. आणि अशा बघत राहणाऱ्यांवरच तिथल्या ठगांचा डोळा.

पहिला आला. "अहो ताई, तुमची सोन्याची अंगठी पडली!"

"माझी नाही हो."

"मग तुमच्या नशिबाची. घ्या! मला फक्त ती शाल द्या, हिवतापानं कुडकुडतोय."

सगुणाला कळवळा आला. दिली शाल. दहा पावलांवर बोटाला हिरवा डाग. अंगठी पितळेची!

मग दुसरा मुद्दाम येऊन धडकला. हातातलं मडकं खळ्ळकन फुटलं. ते आधीच तडकलेलं होतं, बरं का. पण त्यानं असा गळा काढला! "माझ्या लेकरांचं दूध गेलं हो!" सगुणानं पायातले पैंजण काढून दिले.

मग तिसरा. हा भारीच गोड. "आक्का, उन्हातून आलात. सरबत घ्या. पैसे? छे! पाहुण्यांकडून घेतात होय?"

सगुणा गटागटा प्यायली. तसा तो हसला. "आता डबा ठेवा इथं. या पेल्यातून जो पितो, त्यानं मी मागेन ते द्यायचं. नाहीतर पाय उचलत नाही."

सगुणानं पाय उचलून बघितला. उचलेना! जमिनीला चिकटलेला!

समोर टेकडीवर बहिणीचं घर. बाळाचं रडणं इथवर ऐकू येत होतं. सगुणाचे डोळे भरले. "घे बाबा डबा. थांब, पेला विसळून देते." विसळला. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, त्यात एक लाडू ठेवला.

"हे काय?"

"आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत."

आणि काय सांगू! पेला खणखणला, बोलायला लागला! "हजारो लोक प्यायले, सगळ्यांनी मला रिकामाच परत केला. आजपासून मी हिचा!" मग पेल्यातून लाडू उसळायला लागले. एकाचे दहा, दहाचे शंभर! ठग गळ्यापर्यंत लाडवांत! बाकीचे दोघे लाडू पळवायला धावले, तेही रुतले.

"आक्का, थांबवा हो!"

"आधी माझे पाय सोड."

पाय सुटले. सगुणा म्हणाली, "पुरे रे, पेल्या." लाडू थांबले. "आणि तुम्ही तिघं, भरा टोपल्या. चढा टेकडी!"

तिघं धापा टाकत निघाले. "आक्का, एक खाऊ?"

"खा रे बाबांनो. पण आधी बाळंतिणीला."

द्वारकीनं एक लाडू खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा खाताना म्हणाली, "ताई, गूळ जरा जास्तच झालाय गं."

खोड काढली! म्हणजे तोंडाला चव आली! सगुणा हसताहसता रडायलाच लागली. मग बाळ पोटभर प्यायलं, ढेकर दिली आणि आईच्या कुशीत गाढ झोपलं. सगळी सुखात राहिली.

चला, आता तुम्हीही मिटा डोळे.