टिचकीच्या बिळावरचं दीपगृह

एक होती खेकडी. नाव तिचं टिचकी. एवढीशी, शर्टाच्या बटणाएवढी. नदीकाठी ओल्या मातीत तिचं बीळ होतं. सकाळी ती बाहेर यायची. ऊन चढलं की आत जायची. उन्हात खेकडी सुकते ना, म्हणून.

एक दिवस टिचकी शेवाळ खायला गेली. परत आली, तर बीळ नाही. बिळावर उभं होतं दीपगृह. लाल-पांढरं, पट्ट्यापट्ट्यांचं, पेपरमिंटच्या गोळीसारखं.

आता दीपगृह असतं समुद्रावर. ते जहाजांना वाट दाखवतं. इथे समुद्र नाही. जहाज नाही. नदीत पाणी म्हशीच्या गुडघ्याएवढं. पण शहराला हौस आली. हौसेला मोल नाही, आणि डोकं तर मुळीच नाही.

टिचकी गेली दीपगृहापाशी. तिरकी तिरकी, खुडुक खुडुक.

"दीपगृहदादा, दीपगृहदादा,
बिळात जाऊ कशी?"

दीपगृह खाली बघेचना. मान वर करून म्हणालं, "मी मोठा. मी उगाच सरकत नसतो. जहाज आलं तर वाट द्यायला सरकेन."

आता जहाज आणायचं कुठून? काठावर एक होडी होती, बदकाच्या आकाराची. चिखलात रुतून बसली होती. टिचकी निघाली. तिरकी तिरकी, खुडुक खुडुक.

"होडीताई, होडीताई,
दीपगृह सरकेना,
बिळात जाऊ कशी?"

होडी म्हणाली, "पोटाखाली पाणी आलं तर हलेन."

टिचकी निघाली. तिरकी तिरकी, खुडुक खुडुक.

"नदीमाय, नदीमाय,
होडी हलेना,
दीपगृह सरकेना,
बिळात जाऊ कशी?"

नदी म्हणाली, "माझं पाणी धरणात कोंडलंय. तिथल्या नानांनी दार उघडलं तर भरेन."

ऊन चढलं. टिचकीची पाठ तापली. तरी निघाली. तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. धरणाच्या दारापाशी भिवाजीनाना स्टुलावर पेंगत होते.

"नाना, नाना,
नदी भरेना,
होडी हलेना,
दीपगृह सरकेना,
बिळात जाऊ कशी?"

नाना म्हणाले, "दीपगृहाच्या उद्घाटनाचा फोटो निघाला तर दार उघडेन. आधी पाणी सोडलं तर साहेबांची सतरंजी भिजेल, बाई."

बरोबरच आहे. खेकडी सुकली तर चालते. सतरंजी भिजून कसं चालेल?

टिचकी निघाली. तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. दीपगृहापुढे फोटोवाले इस्माईलकाका कॅमेरा घेऊन उभे होते. घामाने ओलेचिंब.

"काका, काका,
दार उघडेना,
नदी भरेना,
होडी हलेना,
दीपगृह सरकेना,
बिळात जाऊ कशी?"

काका म्हणाले, "साहेब हसले तर फोटो निघेल."

साहेब सतरंजीवर उभे होते. ढमढेरे साहेब. गळ्यात हार, हातात कात्री. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. टिचकी निघाली. तिरकी तिरकी, खुडुक खुडुक.

"साहेब, साहेब,
फोटो निघेना,
दार उघडेना,
नदी भरेना,
होडी हलेना,
दीपगृह सरकेना,
बिळात जाऊ कशी?"

साहेब म्हणाले, "नदीला पाणी आलं तर हसेन. चिखलापुढे हसलो तर लोक मलाच हसतील."

टिचकी थांबली. हे काय? पाणी आलं तर साहेब हसणार. साहेब हसले तर फोटो निघणार. फोटो निघाला तर पाणी येणार. सगळेच शहाणे. टिचकीला रडू आलं. मग राग आला. पाठ सुकत चालली होती, पण नांगी शाबूत होती. चपलेतून साहेबांचा अंगठा बाहेर आला होता, उकडलेल्या बटाट्यासारखा.

टिचकीने तो धरला. कच्च!

"ईईई!" साहेबांचे सगळे दात दिसले. अक्कलदाढ तेवढी दिसली नाही.

इस्माईलकाकांना वाटलं, साहेब हसले.
खटॅक! फोटो निघाला.
ट्रिंग ट्रिंग! नानांना फोन गेला.
घर्र घर्र! दार उघडलं.
धो धो धो! नदी भरली. सतरंजी वाहून गेली. साहेब लंगडत पळाले.
डुलुक डुलुक! होडी हलली. ती थेट दीपगृहापाशी आली.

"सरक," होडी म्हणाली. "जहाज आलंय."

दीपगृह सरकायला गेलं आणि आडवंच झालं. ठण्ण! आत काही नव्हतंच. बडा घर, पोकळ वासा. रिकाम्या डब्यासारखं ते तरंगत निघालं. दिसेल त्याला विचारू लागलं, "अहो, मला वाट दाखवता का?" बेडकाला विचारलं, बगळ्याला विचारलं. कुणाला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, साहेबांचा आनंद गगनात मावेना.

टिचकी कुठे पेपर वाचते? तिला बीळ दिसलं. ओली ओली माती, गार गार. ती आत शिरली. खुडुक! पाठ निवली. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ती लगेच झोपली.

अंगठा सुजला, बीळ मोकळं,
आणि गोष्ट झाली सगळी.