ऐरणीचा तडा

हत्यारं माणसांसमोर गप्प बसायला शिकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका लोहारसाळेत एक जुनी ऐरण होती. सगळी हत्यारं तिला आत्या म्हणत आणि तिच्या आवाजावर काम करत. घाव नीट बसला की ती खणकन वाजे.

एका हिवाळ्यात तिच्या पोटात बारीक तडा गेला. घावागणिक कळ उठू लागली. पण ज्याच्यावर सगळ्यांचा भार, त्याने कण्हायचं नसतं, अशी तिची समजूत. ती बोलली नाही. आवाज मात्र लपेना. खणकन वाजायची ती आता नुसती थप्प वाजू लागली.

हातोडीला वाटलं, आपलाच घाव चुकतोय. ती जीव तोडून मारू लागली. तडा आणखी वाढला.

एके दुपारी हातोडी रडवेली होऊन म्हणाली, "आत्या, मला भंगारात टाकायला सांगा. माझ्या हातून आता काम होत नाही."

ऐरणीला आता राहवेना. "तुझं काही चुकलेलं नाही गं," ती म्हणाली. "मलाच तडा गेलाय. फार दुखतं. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

कोणी घाबरलं नाही. लोखंड धरणारी सांडशी म्हणाली, "मग मी तुमच्या धड बाजूवर धरते." भाता म्हणाला, "मी जास्त तापवून देतो, हलके घाव पुरतील."

काम पुन्हा सुरू झालं. आवाज थप्पच येत होता, पण आता कोणी दचकत नव्हतं. थोड्या वेळाने हातोडी थांबली आणि हळूच म्हणाली,

"आत्या, माझाही दांडा महिनाभर हलतोय."